पोचा काढावा की दार बदलावे?

'पोचा' हा शब्द मराठीने भांड्यांसाठी राखून ठेवला होता. हंडा विहिरीच्या काठावर आपटला, तांब्या हातून निसटला, की त्याला पोचा पडे; आणि पोचा पडला म्हणून कोणी हंडा टाकून देत नसे. तो ठोकून घेतला जाई, आणि घेतला नाही तरी पाणी त्यात पूर्वीइतकेच राही. मोटारीच्या दाराला पडतो तोही वस्तुतः पोचाच. पण मोटार बाळगणाऱ्या मराठी माणसाने त्याला 'डेंट' म्हणायचे ठरवले, आणि नाव बदलताच उपायही बदलला. पोचा काढायचा असतो. 'डॅमेज्ड पार्ट' मात्र बदलायचा असतो.

साहित्यविषयक पानावर मोटारीच्या दाराचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. बिघडलेल्या वस्तूत आपण किती हात घालावा, हा प्रश्न संपादकाला, अनुवादकाला, देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्याला आणि गल्लीतल्या डेंटरला सारखाच छळतो. पहिल्या तिघांवर पुष्कळ लिहून झाले आहे. चौथ्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून आम्ही लिहितो.

आमचे म्हणणे असे की चेपलेले दार दुरुस्त करायचे की बदलायचे, हे दाराच्या पोटात पाहून ठरायला हवे. आज ते पैसे कोणाच्या खिशातून जाणार हे पाहून ठरते. परिणामी चूक दोन्ही अंगांनी होते. बदलायची गरज नसलेली दारे बदलली जातात. आणि हे अधिक वाईट, की बदलायलाच हवीत अशी काही दारे ठोकून, लांबी भरून, रंगवून पुन्हा रस्त्यावर येतात.

दाराच्या पोटात काय असते ते आधी पाहू. बाहेरून दिसतो तो पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्याच्या कडा आतल्या चौकटीवर दुमडून बसवलेल्या असतात, जशी आपण उशीच्या अभ्र्याची कड आत दुमडून शिवतो. आतली चौकट जाड. तिच्यावर बिजागऱ्या, कुलूप, काच वरखाली करणारी यंत्रणा आणि वायरी. आणि या दोहोंच्या मधल्या पोकळीत, बाहेरून कधीही न दिसणारी, अत्यंत कठीण पोलादाची एक आडवी नळी किंवा पट्टी. बाजूने दुसरे वाहन येऊन आदळले तर ते बसलेल्या माणसाच्या बरगड्यांपर्यंत पोचू नये, यासाठी ती असते. बाहेरचा पत्रा हे दाराचे कातडे आहे आणि ही पट्टी हाड. आमच्या पुढच्या सगळ्या युक्तिवादाचा भार या एका भेदावर आहे.

हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे एक लाडकी तक्रार जन्माला आली आहे. 'फियाटचा पत्रा काय जाड होता! अँबॅसिडरच्या दाराला हत्तीने धडक दिली तरी काही होत नसे. आताच्या गाड्या म्हणजे बिस्किटांचे डबे.' आठवणीपुरती ही तक्रार खरी आहे, सुरक्षिततेपुरती खोटी. त्या जाड पत्र्याच्या आत ही पट्टी नव्हती. भारतात बाजूच्या धडकेची चाचणी सक्तीची झाली ती नव्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०१७ पासून, आणि आधीच बाजारात असलेल्यांना १ ऑक्टोबर २०१९ पासून. बाहेरचा पत्रा पातळ झाला म्हणून दार कमजोर झाले, हा निष्कर्ष कातड्यावरून हाडाची परीक्षा करण्यासारखा आहे.

जाड पत्र्याचा खरा गुण निराळा होता. तो पुनःपुन्हा ठोकून घेत असे. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईत प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. वीस वर्षे मुंबईच्या गर्दीत आणि खाऱ्या हवेत टॅक्सी चालवायची तर तिचे दार किती वेळा चेपले आणि किती वेळा सरळ झाले असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तो हिशेब डेंटरांच्या हातांत होता.

या हातांविषयी दोन शब्द सविस्तर लिहिण्याचा मोह आम्हाला आवरत नाही. पुण्याच्या तांबट आळीत ज्याने कधी मठारकाम पाहिले असेल त्याला ठाऊक असेल की तांब्याचा पत्रा ठोकला की कडक होत जातो आणि भट्टीत तापवला की पुन्हा मऊ येतो. पोलादही ठोकल्याने कडक होते. पोचा पडताना पत्रा जेथे घडी घालून दुमडला, तेथे तो सर्वांत कडक झालेला असतो. आजूबाजूचा भाग तुलनेने मऊ राहतो. नवशिका पोच्याच्या मधोमध हातोडी घालतो, कारण खोलगटपणा तेथे सर्वांत जास्त दिसतो. त्याबरोबर मऊ पत्रा फुगून वर येतो, घडी तशीच राहते, आणि एका पोच्याचे तीन उंचवटे होतात. जाणता डेंटर मध्याला हातच लावत नाही. तो आधी कडेची उठलेली वळी शोधतो. धडक बसताना जे सर्वांत शेवटी घडले ते तो सर्वांत आधी उलटवतो, मग त्याच्या आधीचे, असे करीत तो पहिल्या आघातापर्यंत मागे जातो. म्हणजे हातोडी उचलण्यापूर्वी त्याने ती धडक वाचलेली असते, शेवटच्या पानाकडून पहिल्या पानाकडे.

मागून एका हातात डॉली म्हणजे घडीव लोखंडी ठोकळा, पुढून दुसऱ्या हातात हातोडी. हातोडी डॉलीवर नेमकी पडली तर पत्रा ताणला जातो. जरा बाजूला पडली तर खोलगट भाग वर येतो आणि उंचवटा खाली बसतो. पत्रा फार ताणला गेला तर तो बोटाने दाबताच डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजतो. मग लहानशा ठिपक्याएवढी जागा तापवून ओल्या फडक्याने झटकन थंड करायची, की ताणलेला पत्रा आकसतो. हे सगळे चालू असताना डोळ्यांपेक्षा तळहात महत्त्वाचा. हात सपाट ठेवून, मध्ये पातळ फडके धरून दारावरून फिरवला की नजरेला न दिसणारा उंचसखलपणा हाताला कळतो. अलीकडे पत्र्यावर वॉशर चिकटवून ते बाहेर ओढण्याचे यंत्र आले आहे. रंग शाबूत असेल तर आतून सळया घालून, रंगाला धक्का न लावता पोचा काढणारेही आहेत. साधने बदलली तरी वाचण्याचे काम सुटलेले नाही.

आता दाराभोवती जमणाऱ्या माणसांकडे वळू. आमच्यातल्या एकाच्या सहा वर्षे वापरलेल्या गाडीचे डावे मागचे दार सोसायटीच्या तळघरातल्या खांबाला घासून चेपले. गाडी अधिकृत सेवाकेंद्रात गेली. तेथल्या सल्लागाराने दार उघडूनही न पाहता सांगितले, "सर, डोअर रिप्लेसच करावं लागेल." विम्याच्या सर्व्हेयरने मोबाइलवर आलेली छायाचित्रे पाहून कळवले, "रिपेअर होतंय." दोघांपैकी कोणीही दाराच्या आतले आवरण काढले नव्हते. दोघांचे निदान मात्र ठाम होते, आणि प्रत्येकाचे निदान त्याच्या फायद्याच्या दिशेने झुकलेले होते. सेवाकेंद्राला सुट्या भागावर नफा आहे आणि जोखीम नाही. नवे दार बसवले की कोणी 'लाट दिसते' अशी तक्रार घेऊन परत येत नाही. विमा कंपनीला दुरुस्तीची मजुरी स्वस्त पडते. मालक मध्ये उभा.

मालकाचाही स्वार्थ असतो, तो लपवण्यात अर्थ नाही. साध्या विमा पॉलिसीत धातूचा भाग बदलला तर त्यावर घसारा कापला जातो: पहिले सहा महिने काही नाही, मग गाडीच्या वयाप्रमाणे ५ टक्क्यांपासून सुरू होऊन पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि त्यापुढे ५० टक्के. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के. मजुरीवर मात्र घसारा नाही. म्हणजे सहा वर्षांच्या गाडीचे दार बदलले तर त्या दाराच्या किमतीतले शंभरातले चाळीस रुपये मालकाचे. तेच दार ठोकून घेतले तर ठोकण्याची मजुरी विम्याची. जुन्या मोटार टॅरिफमधून आलेला हा तक्ता रुक्ष खरा, पण त्याने नकळत एक चांगले काम केले होते. जुन्या गाडीचा मालक दुरुस्तीच्या बाजूने उभा राहील, अशी व्यवस्था त्यात होती.

मग 'झिरो डेप' आले. थोडा अधिक हप्ता भरला की घसारा माफ. सोय उत्तम, आम्हीही ती घेतो. पण तिने मालकाला दुरुस्तीच्या बाजूने काढून बदलण्याच्या बाजूला नेऊन बसवले. 'विम्यात बसते आहे ना, मग नवेच टाका', हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि अनेकांनी उच्चारले आहे. विम्यातून मिळणारे दार फुकट नसते. त्याचा भार पुढच्या वर्षीच्या सगळ्यांच्या हप्त्यात वाटला जातो. शिवाय दावा करणाऱ्याचा स्वतःचा तोटा वेगळाच: पाच वर्षे दावा न केल्याने स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळालेली ५० टक्के सूट एका पोच्यासाठी शून्यावर येते. गल्लीतल्या डेंटरचे बिल त्या सुटीपेक्षा लहान असते, असा हिशेब बहुतेकांनी कधी मांडूनच पाहिलेला नसतो.

आमच्या मित्राने शेवटी गाडी एका डेंटरकडे नेली. त्या मिस्त्रींनी आधी आतले आवरण उतरवले, विजेरी लावली, पट्टीवरून बोट फिरवले, दार दोनचार वेळा उघडून मिटून फटी पाहिल्या. मग म्हणाले, "साहेब, कातडं आत गेलंय, हाड शाबूत आहे. दार कशाला बदलता?" कातडे आणि हाड हे शब्द आम्ही वर वापरले, ते त्यांच्याकडून घेतलेले आहेत.

नव्या दाराविषयी एक गैरसमज फार खोल रुजला आहे. नवे दार म्हणजे कारखान्यातून आल्यासारखे दार, असे लोक धरून चालतात. सुटा भाग म्हणून दार येते ते बहुधा नुसता सांगाडा, अस्तराचा रंग दिलेला. त्यावरचा रंग सेवाकेंद्रातच मारला जातो. कारखान्यात गाडीचे अख्खे कवच द्रावणात बुडवून, विजेच्या साहाय्याने अस्तर चढवून, दीडशे अंशांहून अधिक तापमानाच्या भट्टीत भाजून निघते. सेवाकेंद्राची रंगाची खोली साठेक अंशांवर काम करते, कारण तोपर्यंत गाडीत प्लॅस्टिक, रबर आणि वायरी बसलेल्या असतात. म्हणजे दार बदलले तरी त्यावरचा रंग 'कंपनीचा' नसतोच. रुपेरी किंवा चमक असलेल्या रंगात तर नुसते दार रंगवून भागत नाही. शेजारच्या भागांवर रंगाची झाक पसरवत न्यावी लागते, नाहीतर उन्हात ते एकच दार वेगळे पडते. जुन्या दारातून काच, यंत्रणा, कुलूप, वायरी काढून नव्यात घालताना एखादी क्लिप तुटते, आतला पाणी अडवणारा पातळ पडदा नीट चिकटत नाही, आणि पहिल्या पावसात पायाखालची सतरंजी ओली होते. बिजागऱ्यांची जुळणी जरा चुकली की महामार्गावर वारा शीळ घालतो. चांगल्या सेवाकेंद्रात हे सगळे नीट होते, हे मान्य. पण हे सगळे करावे लागते, हे मालकाला कोणी सांगत नाही.

उलट ज्या दाराला नुसता पोचा आहे, त्याच्या उरलेल्या अंगावर, कडांच्या दुमडीत आणि आतल्या पोकळीत कारखान्याचे मूळ अस्तर अजून शाबूत असते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याला त्याची किंमत कळावी. दारे गंजतात ती खालच्या दुमडीतून, जेथे पाणी साचते. त्या दुमडीला हात न लावता पोचा निघत असेल तर तो तसाच काढावा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि तितकेच स्पष्ट मत दुसऱ्या बाजूचे. आतली पट्टी वाकली असेल, बिजागरीच्या जागी चीर गेली असेल, चौकट पिळली असेल, कडेची दुमड फाटली असेल, तर दार बदलावे. तेथे कारागिरीचे कौतुक करू नये. ती पट्टी तापवून सरळ करता येते, दिसायला ती पूर्वीसारखीच दिसते, पण ज्या उष्णतेच्या संस्कारामुळे तिला काठिण्य आले होते ते नव्या उष्णतेने जाते. पुढच्या धडकेला ती पट्टी नसून पट्टीचे चित्र असते. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगला इशारा देणारा सेन्सर दाराच्या पोकळीतला दाब मोजतो. तेथे 'चालून जाईल' म्हणणाऱ्याला थांबवावे. दुरुस्तीविषयी जिव्हाळ्याने लिहिणारे लेखक बहुधा या ठिकाणी गप्प बसतात. जुन्याचे प्रेम हे लेखनात शोभून दिसते. दारात बसलेल्या पोराच्या बरगड्या त्यावर सोडता येत नाहीत.

राहता राहिला लांबीचा प्रश्न. पत्रा ठोकून झाल्यावर उरलेला सूक्ष्म खडबडीतपणा भरून काढायला जी पुट्टी लावतात तिला आपल्याकडे लांबी म्हणतात. पातळ थर हवा. पण ठोकायला कौशल्य आणि वेळ लागतो, लांबी भरायला लागत नाही. म्हणून पोच्यातच ती थापून, पॉलिश पेपरने घासून, वर रंग मारला जातो. लांबी ओल शोषते. पावसाळी दिवसांत उघडी राहिलेली लांबी वरून रंगवली तर पुढे कधीतरी त्याच जागी फोड येतात. अशी गाडी विकत घेणाऱ्याला काहीच दिसत नाही. पोलादी दारावर लोहचुंबक फिरवून पाहणारे जुने दलाल मूर्ख नव्हते.

येथे आम्हाला आमच्या शेतातले एक उदाहरण आठवते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, जेथे संपादकांना पाठाची पुरेशी खात्री नव्हती, तेथे शब्दांखाली नागमोडी रेघ आहे. वाचकाने त्या जागी सावधपणे पाय ठेवावा. संपादकाने पाठ निवडला, पण निवडल्याचे लपवले नाही. मोटारदुरुस्तीत या नागमोडी रेघेची सोयच नाही. बिलावर 'डेंटिंग-पेंटिंग, एक दार' एवढेच येते. पट्टी तपासली का, दुमड उघडली का, लांबी किती भरली, यातले एक अक्षर नाही. आतले आवरण काढून काढलेली दोन छायाचित्रे आणि चार ओळींची नोंद बिलाला जोडणे अवघड नाही; विमा कंपन्या पोच्याची बाहेरून डझनभर छायाचित्रे मागतात, त्यांना आतले एक मागायला काय हरकत आहे? दुरुस्ती की बदली, हा वाद त्या एका छायाचित्राने बहुतेक वेळा मिटेल. निदान तो दाराविषयीचा वाद राहील, मार्जिनविषयीचा राहणार नाही.

सुट्या भागांच्या बाजारपेठेची कथा मोठी आहे. येथे एवढेच सांगतो की मोटार कंपन्या आपले सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात देत नाहीत, या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'चे संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. हक्क कागदावर येणे चांगलेच. पण दुरुस्त करणारा हात नसेल तर त्या हक्काचे काय करायचे, हे त्या संकेतस्थळावर शोधून सापडणार नाही. वर ज्यांचा उल्लेख आला त्या मिस्त्रींकडे दोन पोरे कामाला आहेत. दोघेही रंगाच्या बंदुकीवर बसतात; हातोडी शिकायला कोणी तयार नाही, कारण ती हातात बसायला वर्षे लागतात आणि तोवर मजुरी अर्धी मिळते. मिस्त्रींचा स्वतःचा मुलगा एसी दुरुस्तीत गेला. त्याचा त्यांना राग नाही.

मोठ्या सेवाकेंद्रांच्या मागच्या अंगणात कधी डोकावून पाहावे. काचा काढलेली, रंगीबेरंगी दारे तेथे एकमेकांना टेकून उभी असतात आणि भंगारवाल्याची वाट पाहतात. आम्ही पाहिली तेव्हा त्यांतली दोन पार पिळलेली होती; बाकीच्यांना एकेक पोचा. त्यांतले निळे दार उचलून नेणाऱ्याला आम्ही विचारले, की हे वजनावर जाणार का. "वजनावर कशाला? डेंटर घेतो ना," तो म्हणाला. "सरळ करून दुसऱ्या गाडीला बसवतो."